सावडीचे दिवस

पोलादपूर, रविवार, ३ डिसेंबर १९३३

मेहेरवानजी शेठ म्हणायचे, दिवसाकाठी चार ओळी लिहायचा ज्याला कंटाळा तो दुसऱ्याच्या कारखान्यात बाटल्या धुतच म्हातारा व्हायचा. म्हणून आजपासून ही वही.

शेठच्या ग्रँट रोडच्या सोडावॉटर कारखान्यात मी चौदा वर्षं काढली. आधी बाटल्या धुतल्या, मग भरल्या, मग यंत्र फिरवलं, आणि शेवटची तीन वर्षं कारखान्याच्या किल्ल्या माझ्या कमरेला होत्या. माझ्याबरोबर लागलेले आमच्या वाडीचे चौघे अजून धुण्याच्या हौदावरच आहेत. ते माझ्यापेक्षा मंद होते असं नाही. संध्याकाळी ते खोलीत भजनाला बसायचे, मी अंथरूण घालायचो आणि पहाटे साडेचारला उठायचो. फरक एवढाच.

आता माझा स्वतःचा कारखाना. तूर्त कारखाना म्हणजे रस्त्याच्या कडेला रोवलेले सहा खांब. यंत्र महाडपर्यंत आलं आहे. जागा मात्र मी डोकं चालवून निवडली. महाडहून महाबळेश्वरला जाणारी मोटार घाट चढायच्या आधी इथे थांबतेच. इंजिनाला पाणी लागतं, मग आतल्या माणसांना लागायला किती वेळ.

काल वाडीवर जाऊन तुळसेला सांगितलं, एक हंगाम कळ काढ. मे महिना संपायच्या आत बाजारात दोन खोल्या घेतो आणि तुला खाली आणतो. लग्न झालं त्याच वर्षी मी मुंबईला गेलो. वर्षाला एक महिना रजा. म्हणजे नवराबायको म्हणून आमचे सगळे मिळून चौदा महिने झाले. मूलबाळ नाही. ती ऐकून "बरं" म्हणाली. बोलायची सवय तिलाही नाही आणि मलाही नाही.

मी इथेच खांबांशेजारी झोपतो. वाडी दीड कोस वर आहे, चढ छातीवरचा. कामाच्या जागी झोपणारा माणूस दिवसाचे तीन तास कमावतो, हेही शेठचंच.

९ डिसेंबर

आज परीक्षेचा दिवस होता. महाडहून यंत्र घेऊन येणाऱ्या बैलगाडीचा आस गावाच्या अलीकडे ओढ्यात मोडला. गाडीवान बैल सोडवून घेऊन निघून गेला. मी आणि यंत्र, दोघेच ओढ्यात. यंत्र लोखंडी, चाकासकट सहा माणसांनाही हलणार नाही असं.

दुपारी तुळसा भाकरी घेऊन आली. मोडलेली गाडी बघितली, भाकरी दगडावर ठेवली आणि काही न बोलता आल्या वाटेने परत गेली. तिला फार वाईट वाटलं असणार. मी मात्र जागचा हललो नाही.

दिवस कलायच्या आत वाडीवरून चांगू आणि त्याच्याबरोबर नऊ जण वासे, दोर घेऊन उतरले. चांगू माझा बालमित्र, शेजारच्या घरचा. कोणी बोलावलं नव्हतं. त्यांनी यंत्राला वासे बांधले आणि पालखी न्यावी तसं खांद्यावरून इथवर आणून ठेवलं. मी विचारलं, किती द्यायचे. चांगू हसला. म्हणाला, "मुंबईला जाऊन याड लागलं का रे तुला? आमी काय हमाल हाव?"

धडा: माणूस संकटात पाय रोवून उभा राहिला की मदत आपोआप चालत येते. पळून जाणाऱ्यामागे कोणी येत नाही. हे शेठला कार्डावर लिहून कळवणार आहे.

१७ डिसेंबर

छप्पर झालं. एका दिवसात. वाडीचे लोक आपापल्या गंजीतलं गवत डोक्यावर घेऊन आले आणि माझ्या खांबांवर शाकारणी करून गेले. बायकांनी स्वयंपाक केला. सगळी सूत्रं राहीबाईकडे होती. राहीबाई विधवा, साठीची, कोणाच्या घरी कोणत्या दिवशी कोणी जायचं हे वाडीत तिच्या तोंडून ठरतं. आमच्याकडे याला सावड म्हणतात. आज तुमच्या कामाला आम्ही, उद्या आमच्या कामाला तुम्ही. पैसा नाही, कागद नाही, नुसतं लक्षात ठेवायचं.

पद्धत चांगली आहे, पण ज्याला पुढे जायचं त्याच्या कामाची नाही. दहा घरच्या कामांत आपला दिवस गेला तर आपल्या कामाला दिवस उरतो कुठे? शेठ नेहमी सांगायचे, उपकार घेऊ नकोस. घ्यावाच लागला तर पैसा टाकून मोकळा हो. मी तंबाखूची पुडी फिरवली, ती घेतली. मजुरीचं काढलं तर राहीबाई म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे बाबा. तुजी बायको हाय ना."

बायको आहे म्हणजे काय ते कळलं नाही. त्यांनी तिच्या हातचं कालवण वाखाणलं होतं, त्याबद्दल असावं.

१ जानेवारी १९३४

पहिल्या दिवशी चाळीस बाटल्या भरल्या. तीन फुटल्या. एकीची काच मनगटात गेली. चिंधी बांधून पुढच्या भरल्या. गाऱ्हाणं सांगायला समोर कोणी नव्हतं हे बरंच झालं, नाहीतर सांगण्यात अर्धा तास गेला असता.

१४ जानेवारी, संक्रांत

पहाटे निघून वाडीवर गेलो. तुळसा घरी नव्हती. दाराला कडी. शेजारची पोरगी म्हणाली, काकी चांगूकाकाच्या राबासाठी पाला तोडायला गेली. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजायला लागतो तो पाला. सणाच्या दिवशी.

दोन तास ओसरीवर बसलो. ती आली ती पाल्याचा भारा चांगूच्या शेतात टाकून. दोन्ही तळहात सोलवटलेले. मी तिला समजावून सांगितलं, की आपलं काम आधी, लोकांचं नंतर. दिवसाचे भाग पाडून घे. कोणी बोलावलं की लगेच उठून जायचं ही सवय माणसाला कधी वर येऊ देत नाही. ती तिळाचे लाडू ताटलीत काढत होती. म्हणाली, "कोण बोलवत नाय. आपणच जायाचं असतं."

तिला शिकवायला वेळ लागेल. लाडू चांगले होते.

२१ जानेवारी

पुन्हा वाडीवर. पुन्हा कडी. आज राहीबाईचं गवत कापायला. भेट झाली नाही. ओसरीवर थोडा वेळ बसून उतरलो.

११ फेब्रुवारी

धंद्याने जीव धरला. खरं कारण लिहून ठेवतो, पुढे कोणाच्या उपयोगी पडेल.

पहिलं, बाटली मी तीनदा विसळतो. गिऱ्हाईक बघत असो वा नसो. दुसरं, मोटार थांबायच्या आधी मी पाण्याची बादली घेऊन उभा असतो. इंजिनाचं पाणी फुकट. ड्रायव्हरला खाली उतरावं लागत नाही, म्हणून तो दुसरीकडे थांबत नाही. सदू ड्रायव्हर तर आता लांबूनच भोंगा वाजवतो. तिसरं, मी गिऱ्हाइकाशी गप्पा मारत नाही. त्यांना घाट चढायचा असतो.

आज सबंध दिवसात माझ्याशी कोण काय बोललं हे आठवून पाहिलं. "एक लिंबू." "दोन साधे." "थंड आहे ना?" "बादली इकडे आण." सदू म्हणाला, "मास्तर, तुमची बाटली फुटली तरी आवाज होतो, तुमचा होत नाही." त्याने थट्टा केली. मी हसलो बहुतेक. आता लिहिताना नक्की सांगता येत नाही.

संध्याकाळची मोटार गेली की रस्ता एकदम ओस पडतो. मग मी उद्याच्या बाटल्या पुन्हा पुसतो.

२ मार्च, शिमगा

आज मोकळा झालो.

कालच्या होळीला सगळी वाडी जमणार हे धरून आठवडाभर आधी तयारी केली होती. आज सकाळी होळीच्या माळावर पुरुषमाणसं बसली होती तिथे गेलो. यंत्र उचलायला आलेले दहा आणि शाकारणीला आलेले सगळे, प्रत्येकाच्या हातात त्याच्या दिवसाची मजुरी ठेवली. महाडच्या बाजारात जो दर आहे त्यापेक्षा थोडी जास्तच. तोंडाने सांगितलं, "दत्ताराम कोणाचं अंगावर ठेवत नाही. आजपासून तुमचं माझं काही राहिलं नाही."

मला वाटलं होतं, थोडं तरी कौतुक होईल. सगळे बसले होते तसे बसून राहिले. चांगूने पैसे मुठीत धरले नाहीत, तळहात उघडाच ठेवला आणि त्यांच्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "तुळसाला इचारलंस?"

"हा पुरुषांचा व्यवहार आहे," मी म्हणालो.

"बरं," चांगू म्हणाला.

राहीबाईचे पैसे घरी नेऊन दिले. तिने ते उंबऱ्यावर ठेवायला लावले. हातात घेतले नाहीत. म्हातारी माणसं, विटाळचांडाळ काहीतरी असेल.

घरी तुळसेला सांगितलं. ती पुरणाची डाळ वाटत होती. वाटता वाटता थांबली, माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा वाटायला लागली. उतरताना तिने वाटेपर्यंत सोबत केली नाही, एरवी करते. अंगावरचं ओझं उतरल्यासारखं वाटायला हवं होतं. वाटलं असं लिहून ठेवतो.

२५ मार्च

वाडीवर गेलो. तुळसा घरी होती. गेल्या तिन्ही रविवारी ती घरीच होती. मी सांगितलेलं मनावर घेतलं तिने. सवयी हळूहळू लागतात, घाई करून चालत नाही.

मात्र ती बसलेली असते. काम नसतं हातात. मी विचारलं, काय करत होतीस. म्हणाली, "कायनाय." विहिरीवर बायका होत्या, ती हंडा घेऊन गेली तशा त्या बोलायच्या थांबल्या आणि बाजूला सरकून तिला वाट दिली. आमच्या घराला मान मिळायला लागला आहे, हे तिच्याही लक्षात आलं असेल.

चांगू भेटला. रामराम केला. त्याने केला, पण नुसता.

१५ एप्रिल

हंगाम भरात आहे. मुंबईचे साहेबलोक, पुण्याचे वकील, सगळे वर चालले आहेत. मोटारींची रांग लागते. आज दुपारी बाटल्या कमी पडल्या.

बाजारातल्या दोन खोल्या बघून आलो. मागे छोटं अंगण, तुळशीला जागा. खिडकी रस्त्यावर उघडते. तिला मोटारी बघायला मिळतील. मालकाला होकार दिला.

आमचा राब अजून भाजलेला नाही असं सदू म्हणाला. त्याची बहीण वाडीवर दिलेली आहे. सगळ्यांच्या शेतांत काळे चौकोन दिसतात, एक आमचंच शेत तसंच. मी म्हटलं, आता शेत करायचंच नाही. मी इंजिनात पाणी ओतेपर्यंत सदू रस्त्याकडे बघत होता. मग म्हणाला, "मास्तर, वहिनी कोणाकडे जात नाहीत म्हणे आता."

मी म्हटलं, "तिला वेळेची किंमत कळली."

सदूने भोंगा न वाजवता मोटार काढली.

रविवार, ६ मे

जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुकान पहिल्यांदाच दुपारी बंद करून वर गेलो, खोल्या घेतल्याचं तुळसेला सांगायला. महिना संपायच्या आत म्हणालो होतो, पहिल्याच आठवड्यात करून दाखवलं. चढताना हेच वाक्य मनात घोळत होतं.

तुळसा छपरावर होती. एकटी. जुनं कुजलेलं गवत ओढून काढून नवं बांधत होती. शाकारणी हे एकट्याचं काम नाही. खालून कोणाला तरी पेंढी द्यावी लागते, आतून कोणाला तरी बांधायचा बंद ओवावा लागतो. ती खाली उतरायची, एक पेंढी काखेत घ्यायची, शिडीने वर चढायची, बांधायची, पुन्हा उतरायची. पलीकडच्या अंगणात चांगूच्या घरची माणसं बसलेली. त्यांच्या चेहऱ्यावर दुष्टपणा नव्हता. बघवत नाही आणि उठताही येत नाही, अशी बसली होती.

मी म्हणालो, "उतर खाली. मी बाजारातून दोन मजूर आणतो."

"आणा," ती वरूनच म्हणाली. "पैसं द्या त्यांना. मंग सांजच्याला मी कोणाच्या दारात जाऊन बसायाचं, ते बी त्यांनाच इचारा."

"छप्पर करायचंच कशाला? खोल्या घेतल्या. आजच चल."

तेव्हा ती उतरली. तिच्या केसांत गवताच्या काड्या होत्या. शिडीला धरून उभी राहिली आणि बोलायला लागली. एवढं सलग बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं.

"यंतर वड्यात पडलं तवा मी वर येऊन चांगूभावजींच्या पाया पडले. तुमच्या दुकानाचं गवत समद्यांच्या गंजीतलं. त्याच्यापायी मी पौष-माघ घरात नव्हते. फेडीत होते. एकेक घर फेडीत होते, आन मला बरं वाटत होतं. तुमी जाऊन पैसं दिलंत. म्हंजी आमचं तुमचं सपलं असं सांगितलंत. सावडीत पैसं देतात ते तोडायसाठी देतात. आता मला कोण हाक मारील? मी गेले कामाला तर लोक म्हणतात, नको गो, तुज्या घोवानं मजुरी दिली हाय."

मी खोलीच्या खिडकीबद्दल सांगितलं. मागच्या अंगणाबद्दल सांगितलं.

ती म्हणाली, "तुमी चौदा वर्सं नव्हता. मी तापानं पडले, तुमची आय गेली, दोन साल भात वाहून गेला, ते समदं या लोकांवर निभावलं. तुमच्याबिगर ऱ्हायाची मला सवय झालीया. यांच्याबिगर ऱ्हायाची नाय झाली."

रागाने बोलली नाही. बोलून झाल्यावर एक पेंढी काखेत घेतली आणि पुन्हा शिडी चढली.

७ मे

रात्र वाडीवरच काढली. अर्धं छप्पर उघडं.

खरं लिहायचं म्हणून ही वही आहे, तर खरं लिहितो. पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, हे असंच राहू द्यावं. तिला कोणी हाक मारत नाही. छप्पर एकटीने पुरं होणार नाही. मिरगाच्या आत तिला खाली यावंच लागेल, बाजारातल्या खोलीत, माझ्याकडे. मला बोट हलवायची गरज नव्हती. चौदा वर्षांत मला जे मिळालं नाही ते नुसतं गप्प बसून मिळणार होतं.

मग ती झोपेत कण्हली. तिने हात उघडे टाकले होते. संक्रांतीला मी त्या हातांना वेळेचं महत्त्व सांगत होतो. मला माझी लाज वाटली. शेठच्या कारखान्यात एकदा माझ्या चुकीने पेटी फुटली होती, तेव्हाही एवढी वाटली नव्हती.

आज चांगूच्या घराची शाकारणी आहे. दुकान बंद. मे महिन्याचा पहिला आठवडा, आणि मी दुकान बंद ठेवून गवत वाहायला चाललो आहे. शेठला हे कार्डावर कळवणार नाही.

८ मे

काल चांगूकडे गेलो. कोणी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मी पेंढ्यांचा ढीग होता तिथे जाऊन उभा राहिलो आणि वर द्यायला लागलो. माझी पेंढी वर जाईपर्यंत सुटायची. घट्ट धरायची कशी ते विसरलो आहे. दुपारी भाकरीची पंगत बसली. मी शेवटच्या पानावर. ते एकमेकांच्या म्हशींवरून, सासऱ्यांवरून विनोद करत होते. मला एकही कळला नाही. सगळे हसले की मागून हसत होतो.

संध्याकाळी निघताना मी खिशात हात घातला तर चांगू घाईने म्हणाला, "नको." मी विडीकाडी काढत होतो.

आज दुसऱ्या घरी. पाठ धरली आहे.

१० मे

सदूने निरोप पाठवला. माझ्या दुकानासमोर एका चहावाल्याने पाण्याची बादली ठेवायला सुरुवात केली आहे आणि मोटारी तिकडे वळतात. मास्तर लवकर या.

काल आणि आज मिळून आणखी दोन घरं झाली. आजचं राहीबाईचं. म्हातारी अंगणात बसून सगळ्यांना हुकूम सोडत होती. मी तिसऱ्यांदा पेंढी सोडली तशी ओरडली, "दत्ताराम, मेल्या, पेंढी हाय ती, सोड्याची बाटली नाय. आवळ." लोक हसले. या वेळी विनोद माझ्यावरच होता, त्यामुळे मलाही कळला.

उंबऱ्यावर मी मार्चात ठेवलेले पैसे अजून तसेच होते. त्यांच्या भोवतीने सारवलेलं. निघताना राहीबाईने डोळ्यांनी दाखवलं. मी ते उचलून घेतले. बाकीच्यांनीही आज दिवसभरात आपापले माझ्या सदऱ्याच्या खिशात टाकले. चांगूने स्वतः येऊन टाकले.

१२ मे

काल पाचवं घर झालं. दिवेलागणीच्या वेळी आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. चांगूची बायको कुंपणापाशी आली आणि तिथूनच म्हणाली, "तुळसा गो, उद्या तुज्या छपराला किती भाकऱ्या लागतील? मी पीठ घेऊन येते."

तुळसा नुसती उठून कुंपणाकडे गेली. तिथे त्या दोघी बराच वेळ उभ्या होत्या. काय बोलल्या ऐकू आलं नाही. तिचं हसणं मात्र ऐकू आलं. माझ्यासमोर ती असं कधी हसली नाही.

आज वीस माणसं आली. दुपारपर्यंत छप्पर पुरं. मी पेंढ्या दिल्या, एकही सुटली नाही. पण मला ठाऊक होतं आपण काय करतो आहोत. एकेक पेंढी वर जात होती आणि बाजारातली खोली रिकामी होत होती. आजची ही माणसं तुळसेच्या सावडीची. लावणीला, बेणणीला, कापणीला, झोडणीला तिला आता घरोघरी जायचं आहे. म्हणजे दिवाळीपर्यंत ती इथली, आणि दिवाळीनंतर पुन्हा कोणीतरी तिच्यासाठी काहीतरी केलेलं असेल.

मी तिला विचारलंही नाही, खाली येतेस का म्हणून. तिने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी विचारलं नाही हे तिला कळलं असावं.

१३ मे, पोलादपूर

पहाटे निघताना राहीबाई आणि चांगू वाटेवर भेटले. राहीबाई म्हणाली, "कालचं ते तुळसाचं. ती फेडील. तुजे पाच दिवस आमच्याकडं ऱ्हायलं. तुजं काय काम हाय ते सांग, माणसं उतरतील."

माझ्या मनात लगेच यादी तयार झाली. दुकानाला मागून पडवी हवी. बाटल्या ठेवायला फळ्या. समोर चहावाला बसला आहे, पाच माणसं एक दिवस आली तर त्याच्यापेक्षा दुप्पट दुकान उभं राहील. शेठ इथे असते तर म्हणाले असते, आलेली संधी सोडणारा मूर्ख.

मी म्हणालो, "आत्ता नाही काही. असू देत तुमच्याकडे."

चांगू म्हणाला, "लई दिस ठेवू नको रे. अंगावर ठेवलेलं आमाला बरं नाय वाटत."

"आठवण तर राहील," मी म्हणालो.

तुळसा या खेपेला वाटेपर्यंत आली. भाकरीचं फडकं हातात दिलं आणि म्हणाली, "ते पाच दिस मागून टाकू नका येवढ्यात." मग परत फिरली. तिला आज गोमाजीच्या घरी जायचं होतं.

खाली आलो तर दोन मोटारी चहावाल्याकडे उभ्या होत्या. दुकान झाडलं. बाटल्या तीनदा विसळल्या. खोल्यांच्या मालकाला नको म्हणून सांगून आलो. त्याने कारण विचारलं, मी म्हटलं, घरची माणसं वर कामात आहेत.

संध्याकाळची मोटार गेली. रस्ता ओस पडला. वर वाडीवर पाच घरी माझा एकेक दिवस आहे. ते दिवस कोणाकोणाच्या घरी आहेत हे मी आज नावानिशी आठवत बसलो होतो. मागणार नाही.